पाठमोरं झाड

...आणि लोक म्हणतात, लहान आहे गं, विसरून जाईल. कसलं विसरतंय! तुम्हाला सांगते, तीन आठवडे झाले, माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, आणि तो लागलेला नाही या एकाच काळजीने, की माझ्या पाच वर्षांच्या लेकीला जन्मभर वाटत राहणार, आपण एक झाड बिघडवलं. साधंसुधं झाड नव्हे. ऐंशी वर्षांचं. माझ्या सासूबाईंपेक्षा मोठं, आणि नाजूकपणात तर... जाऊ दे, त्या ऐकायच्या.

आता तुम्ही विचाराल, बिघडवलं म्हणजे काय केलं, तोडलं? नाही. मेलं का? तेही नाही, चांगलं ठणठणीत आहे. फक्त उलटं बसलंय. उलटं म्हणजे मुळं वर आणि शेंडा खाली असं नव्हे हो, पाठमोरं बसलंय. येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, रुसल्यासारखं. मग फिरवा की बाई, असं तुम्ही म्हणणार, सगळेच म्हणतात. नाही फिरवता येत. आता तीन वर्षं त्याला हात लावायचा नाही.

थांबा, मी शेवट आधी सांगत बसले. माझं असंच होतं, घरातही होतं, स्वयंपाकातही होतं.

तर मी एका सार्वजनिक बागेत बोन्साय सांभाळते. शिकलेय त्यातलं, पदवी आहे, चौकटीत लावून भिंतीवर टांगलेली आहे. बाग मोठी. आत शिरलात की कारंजं, कारंज्याच्या पलीकडे गुलाब, गुलाबांच्या पलीकडे स्वच्छतागृह, आणि ते शोधत आलेली माणसं चुकून पुढे गेली की आमचा विभाग. बासष्ट झाडं. लाकडी ओट्यांवर एकेक मांडलेली, प्रत्येकाच्या मागे पांढरी भिंत. माणसं येतात, पाटी वाचतात, म्हणतात, "ऐंशी वर्षं? एवढुसं?" आणि मग माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जशी काही मी त्याला ऐंशी वर्षं उपाशी ठेवलंय. एक काकू तर रोज फेरफटका मारताना थांबून सांगतात, बिचाऱ्याला जरा जमिनीत लावा हो, पाय तरी पसरू दे. मी हसते. पगारात हसणं धरलेलंच असतं.

त्या बासष्टांत हे एल्मचं झाड सगळ्यात जुनं, आणि ते आमच्या मास्तरांचं. मास्तर म्हणजे माझ्या आधी हा विभाग सांभाळणारे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शाळेत कधी शिकवलं नाही त्यांनी, पण झाडांनाही छडी दाखवून वाढवल्यासारखे उभे राहायचे, म्हणून मास्तर. मला सहा वर्षं शिकवलं. सहा वर्षांत 'छान' हा शब्द एकदाच ऐकला, तोही डब्यातल्या भाजीबद्दल.

आता एक गोष्ट तेवढी समजून घ्या, म्हणजे माझं दुःख तुम्हाला कळेल. बोन्सायला तोंड असतं. म्हणजे झाड चारी बाजूंनी बघायचं नसतं, एका बाजूने बघायचं असतं. कुठून खोड डौलदार दिसतं, कुठून फांद्या मोकळ्या दिसतात, ते बघून कुणीतरी एकदा ठरवतो की हे तोंड. आणि मग झाड कायम तसंच ठेवायचं, तोंड लोकांकडे, पाठ भिंतीकडे. या एल्मचं तोंड मास्तरांनी चाळीस वर्षांपूर्वी ठरवलं. चाळीस वर्षं त्यात बदल नाही. लोकांची सरकारं बदलली, संसार बदलले, एल्मचं तोंड तेच.

तर यंदा त्याची कुंडी बदलायची पाळी होती. उथळ कुंडीत मुळं दाटतात, पाणी आत शिरेनासं होतं. मग थंडी सरता सरता, फांद्यांवरचे डोळे फुटायच्या आधी झाड कुंडीतून काढायचं, मुळं आकड्याने विंचरायची, अगदी पोरीच्या केसांतला गुंता सोडवतात तशी, तिसरा हिस्सा कापायची, चाळलेली नवी माती घालायची, तारेने कुंडीला घट्ट बांधायचं, पाणी द्यायचं... आणि झालं, आता तीन वर्षं हात लावायचा नाही. शिवाय यंदा त्याची ठेवणही बदलायची होती. झाड फार ताठ झालं होतं. आमच्या मुख्य मॅडमच्या संमतीने असं ठरलं की बसवतानाच ते चार बोटं पुढे झुकवायचं, तोंडाच्या दिशेने, म्हणजे बघणाऱ्याला जरा वाकून या-बसा म्हटल्यासारखं दिसेल. हे चार बोटं लक्षात ठेवा, त्यानेच घात केला.

काम करताना खोडाची साल दुखावू नये म्हणून सगळं खोड ओल्या गोणपाटात गुंडाळतात. मग तोंड कुठलं नि पाठ कुठली, काही कळत नाही, नुसतं एक बोचकं आणि वर फांद्या. म्हणून मास्तरांचा नियम, गुंडाळायच्या आधी तोंडाच्या बाजूच्या फांदीला लाल दोरा बांधायचा. दोरा दिसला की ते तोंड. साठ वेळा तरी बांधला असेल मी, डोळे मिटून बांधेन.

आणि नेमकं त्या दिवशी सकाळी पाळणाघराच्या बाईंचा फोन. ताप आलाय, आज दार उघडणार नाही. नवरा दौऱ्यावर. सासूबाई दुसऱ्या गावी. झाड आदल्या संध्याकाळीच दोन माळ्यांनी ओट्यावरून उचलून कामाच्या खोलीत आणून ठेवलेलं, माती भिजवलेली, डोळे फुगायला लागलेले. म्हणजे आज नाही तर यंदा नाही. मग काय, एका खांद्यावर लेक, दुसऱ्या खांद्याला पर्स, कान आणि खांद्याच्या मध्ये फोन, आणि फोनवर दुसरं पाळणाघर, ज्यांना मुलाचं वय, वजन, लसी, आवडीनिवडी, सगळं त्याच क्षणी हवं होतं. त्या गडबडीतच मी दोरा तोडून बांधला, रीळ तिथेच टाकलं, गोणपाट गुंडाळलं, आणि लेकीला कोपऱ्यात बसवून सांगितलं, ही तुझी बाहुली, हे खडू, आईला आज हाक मारायची नाही. तिने खरोखर हाक मारली नाही. चार तास. तिथेच मी ओळखायला हवं होतं, की ज्या घरात शांतता असते तिथे काहीतरी चाललेलं असतं.

मुळं मी सुंदर कापली, हे मात्र सांगते. माझं तोंडभर कौतुक कुणी करत नाही, म्हणून मीच करते. दोऱ्याकडे बघून झाड बसवलं, दोऱ्याच्या दिशेने चार बोटं झुकवलं, तारा पिळल्या, माती काडीने खोचून खोचून भरली, पाणी दिलं. आणि मग आनंदाने गोणपाट सोडलं.

समोर ढोली.

एल्मच्या पाठीला खाली एक ढोली आहे, अंगठ्याएवढी, काळी. चाळीस वर्षं ती भिंतीकडे. आमच्या लेकीच्या मात्र ओळखीची, कारण ती बागेत आली की ओट्यामागे शिरून त्या ढोलीत बटणं ठेवते, तिथे तिचं दुकान असतं. तर ते दुकान माझ्याकडे बघत होतं, पुढच्या बाजूने, थेट. फिरवावी का कुंडी? फिरवली. तर आता तोंड समोर आलं, पण झाड चार बोटं मागे रेललेलं, समोरच्या माणसाच्या घामाचा वास आल्यासारखं. पुन्हा फिरवली. पुन्हा ढोली. काढून परत बसवावं, तर कापलेली मुळं दुसऱ्यांदा उघडी पाडली की झाड गेलंच. ऐंशी वर्षं जगलं आणि माझ्या हाती... नाही. आता तीन वर्षं. हात लावायचा नाही.

मी जमिनीवरच बसले. आणि कोपऱ्यात बघते तर लेकीच्या बाहुलीच्या गळ्यात लाल दोरा.

लख्ख प्रकाश पडला. मी दोरा तोंडाला बांधला, साठदा बांधला तसा. लेकीने तो सोडला, बाहुलीला माळ केली, मग आई रागावेल म्हणून रिळावरचा दुसरा तुकडा घेऊन हाताला येईल त्या फांदीला बांधून टाकला. सगळं जुळलं. न्यायालयात गेलं असतं तर एका तारखेत निकाल लागला असता.

आता तुम्ही विचाराल, मग तू तिला विचारलंस का? तीच तर गंमत आहे. विचारलं नाही. कारण मी शिकलेली आई आहे. मुलं वाढवण्यावरची चार पुस्तकं वाचलीत मी, चारही पुस्तकांत एकमत आहे की मुलावर आरोप करू नये, आरोपीसारखे प्रश्न विचारू नयेत, त्याने मुलाच्या मनावर ओरखडा उठतो. माझ्या लहानपणी काही फुटलं की आई सगळ्या भावंडांना ओळीने उभं करून विचारायची, कुणी केलं, आणि खरं सांगते, ओरखडा तर सोडाच, आम्हाला नंतर भूकच जास्त लागायची. पण मी नाही विचारलं. मी फक्त तिच्यासमोर वाकून गोड आवाजात म्हटलं, "बाळा, या झाडाबद्दल कुणाशी बोलायचं नाही हं." तिने मान हलवली. एवढी गंभीर मान मी त्या पोरीची कधी बघितली नव्हती.

आणि त्याच वेळी मॅडम आत आल्या. आमच्या मॅडम वाईट नाहीत, पण त्या नेहमी कुठूनतरी येत असतात आणि कुठेतरी जायला उशीर झालेला असतो. झाडाकडे बघितलं, थबकल्या. "हे... वेगळं दिसतंय." माझ्या तोंडात खरं आलं होतं, अगदी दातांपर्यंत. पण शेजारी लेक उभी. खरं सांगायचं म्हणजे दोऱ्याचं सांगायचं, दोऱ्याचं सांगायचं म्हणजे तिचं नाव. मी म्हटलं, हो, तोंड बदललंय. मुद्दाम. नवी रचना. कुठून आलं हे माझ्या तोंडात देव जाणे. एकदा निघाल्यावर मी थांबेचना, म्हटलं, ढोलीमुळे झाडाचं वय दिसतं, व्यक्तिमत्त्व दिसतं. मॅडम चष्मा वर करून म्हणाल्या, "धाडस आहे." आणि गेल्या. आणि दोन दिवसांत ओट्यासमोर पाटी लागली. ठळक अक्षरांत, 'ऐंशी वर्षांच्या एल्मची नवी रचना.' खाली माझं नाव. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा कुठल्या पाटीवर माझं नाव आलं, ते हे असं.

लेकीने हे सगळं ऐकलं. तिला चार वर्षं मी शिकवत होते, खोटं बोलायचं नाही, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मी बोलले.

तेव्हापासून पोर गप्प. म्हणजे एरवी तोंडाला कुलूप नाही, पाळण्यात होती तेव्हापासून वटवट, पण झाडाचं नाव निघालं की चिडीचूप. रोज संध्याकाळी फक्त एक प्रश्न, "झाड मेलं का?" नाही बाळा. "मग कधी मरणार?" मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडून यायचे. एकदा बघते तर बाहुलीला भिंतीकडे तोंड करून बसवलेलं. म्हटलं का गं, तर म्हणाली, तिला तसंच बरं वाटतं. नवऱ्याला फोन केला, तो म्हणतो, "झाडच आहे ना? दुसरं आणा." या माणसाशी मी लग्न केलंय. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "अगं, विचार की तिला सरळ, तू केलंस का म्हणून. एवढं काय त्यात?" मी त्यांना मुलाच्या मनाबद्दल दहा मिनिटं समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, "बरं. माझे दोन मुलगे असेच वाढले, चुकलंच माझं."

चौदाव्या दिवशी झाडाला पालवी फुटली. मोहरीएवढे हिरवे ठिपके, सगळ्या फांद्यांवर, एक फांदी सुटली नाही. कुंडी बदललेल्या झाडाला अशी पालवी म्हणजे मुळांनी माती धरली. मी धावत घरी जाऊन लेकीला सांगितलं, जगलं गं झाड! तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "म्हणजे ते आता तसंच राहणार?" हो. तसंच. तीन वर्षं. हात लावायचा नाही. पोरीने एवढा मोठा उसासा टाकला की तो माझ्या सासूबाईंनाही जमला नसता.

आणि मग मॅडमनी ते केलं. मास्तरांना बोलावलं. नवी रचना बघायला. रविवारी सकाळी. मला येऊन उत्साहाने सांगितलं, जणू मला बक्षीसच देत होत्या.

मी तीन दिवस विचार केला. मास्तरांना फसवणं शक्य नाही, ते खोडावर हात ठेवून सांगतात की या झाडाला मागच्या आठवड्यात पाणी कमी पडलंय. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की आपण गप्प बसलो, तर ही पोर जन्मभर ते झाड पाठीवर घेऊन फिरणार. वीस वर्षांची होईल, तीस वर्षांची होईल, कुठल्यातरी शहाण्या डॉक्टरसमोर बसून म्हणेल, लहानपणी माझ्या हातून एक झाड... आणि डॉक्टर विचारेल, तुमच्या आईने काय केलं? आईने पाटी लावून घेतली. नाही. मी ठरवलं, तिच्यासमोर सगळं कबूल करायचं, सगळी चूक आपल्या अंगावर घ्यायची, आणि पोरीला मोकळं करायचं. आरशासमोर सरावही केला. आरशात मी फार उदात्त दिसत होते.

रविवारी मास्तर आले. काठी घेऊन आले, आधी नव्हती. ओट्यासमोर उभे राहिले. पाटी वाचली, वरपासून खालपर्यंत, माझ्या नावासकट. मग झाडाकडे बघितलं. मी मोजत होते, सहा मिनिटं. कारंज्याचा आवाज आमच्याकडे कधी ऐकू येत नाही, त्या दिवशी येत होता. लेक माझ्या मागे, माझ्या ओढणीचा कोपरा मुठीत.

मी एका दमात सांगितलं. मास्तर, ही रचना-बिचना काही नाही, हे चुकून झालंय. दोरा जागेवर नव्हता. दोरा कुणी हलवला असेल, खेळता खेळता कुणाचा हात लागला असेल, तो प्रश्नच नाही, कामाच्या खोलीत मूल आणलं मी, झाड न बघता दोऱ्यावर भरवसा ठेवला मी, मॅडमशी खोटं बोलले मी. चूक माझी एकटीची. मॅडम चष्मा वर करून उभ्या, पण त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

मास्तरांनी काठी ओट्याला टेकवली आणि ढोलीत अंगठा घातला. तो नेमका बसला.

"हे भोक माझं आहे," ते म्हणाले.

मला कळेना.

"नवीन होतो. इथे जाड फांदी होती. कापायची नव्हती. कापली. ती सडत गेली आत."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या बाजूने बघायला लागलो. लोकांना सांगितलं, हेच तोंड."

चाळीस वर्षं हो! चाळीस वर्षांच्या ज्या तोंडाला मी देवासारखं जपलं, जे चुकलं म्हणून तीन आठवडे न्हाणीघरातला नळ सोडला, ते तोंड म्हणजे मास्तरांनी भिंतीकडे वळवलेली चूक. आणि ती मी आता पाटी लावून सगळ्या गावाला दाखवत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आठ वर्षं हे झाड बघितलंस पोरी, तरी तुला दोरा लागतो?" बस. एवढंच. 'छान' नाही, 'असू दे' नाही. मला तर छडीच बसली. मुळं मात्र त्यांनी माती जराशी उकरून बघितली आणि पुन्हा बोटाने दाबून टाकली, तेव्हा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते माझ्यासाठी होतं की पालवीसाठी, सांगता येत नाही. मॅडमनी विचारलं, पाटी काढायची का? मास्तर म्हणाले, "कशाला? आता तीन वर्षं असंच दिसणार आहे." आणि काठी उचलून चालू लागले. मॅडम त्यांच्या मागोमाग. सोमवारी मला केबिनमध्ये या म्हणाल्या, ते वेगळं.

आम्ही दोघीच उरलो. मला तुम्हाला कसं सांगू, एवढा ओरडा खाऊन, सोमवार डोक्यावर असून, माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. झालं. पोरीच्या कानांनी ऐकलं. चूक आईची एकटीची. मी गुडघ्यांवर बसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले, आणि चारही पुस्तकं ज्या आवाजात बोला म्हणतात त्या आवाजात म्हटलं, "बघ बाळा, झाडाचं तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. दोरा जरी तुझ्याकडून हलला असला, तरी..."

ती माझ्याकडे बघत राहिली. अगदी मी तिच्याकडे बघते तशी हो, म्हणजे समोरचं माणूस लहान आहे, जपून बोलायला हवं, अशी. इकडे तिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग माझ्या कानाशी आली.

"दोरा तूच बांधलास दुकानाच्या बाजूला. तू फोनवर बोलत होतीस," ती म्हणाली, "पण मी कुणाला सांगितलं नाही."